समान आकडे, असमान वर्ग : भारत आणि अमेरिका येथील उच्च शिक्षणातील अध्यापकांचा तुलनात्मक विचार

काही महिन्यांपूर्वी दहावीच्या वर्गात बाबासाहेबांच्या कोलंबिया विद्यापीठातील शिक्षणाचा विषय निघाला होता. मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, अमेरिकेत कॉलेजात शिकवणारे आपल्यापेक्षा किती पटींनी जास्त असतील?" मी उत्तर न देता तोच प्रश्न साऱ्या वर्गापुढे ठेवला. कोणी पाचपट म्हणाले, कोणी दहापट. एका मुलीने मात्र थोडा विचार करून सांगितले की, आपली लोकसंख्या मोठी आहे, तेव्हा आपल्याकडेच जास्त असतील. दुसऱ्या दिवशी मी दोन्ही देशांचे आकडे फळ्यावर लिहिले, तेव्हा सगळेच चकित झाले. दोन्ही देशांतील अध्यापकांची संख्या जवळजवळ सारखी निघाली.

त्या दिवशी तास संपला, पण विषय संपला नाही. आकडे सारखे असतील, तर फरक कोठे आहे? हा प्रश्न मुलांनीच विचारला आणि त्याचे उत्तर शोधताना जे हाती आले, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधवांपुढे ठेवीत आहे. तथागतांनी कालाम लोकांना जे सांगितले त्याचे सार असे की, कोणतीही गोष्ट केवळ ऐकीव आहे किंवा मोठ्या माणसाने सांगितली आहे म्हणून स्वीकारू नये. ती स्वतः तपासून घ्यावी. छापील आकड्यांनाही हाच नियम लागू आहे.

दोन देशांची गणना

आपल्या देशात केंद्र शासनाचे शिक्षण मंत्रालय दरवर्षी 'अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षण' करते. २०२१-२२ च्या सर्वेक्षणानुसार भारतातील उच्च शिक्षणात सुमारे १५ लाख ९८ हजार अध्यापक आहेत. त्यांत स्त्रियांचे प्रमाण ४३ टक्क्यांच्या थोडे वर आहे. त्याच सर्वेक्षणानुसार विद्यार्थ्यांची संख्या सुमारे ४ कोटी ३३ लाख भरते.

अमेरिकेत हेच काम राष्ट्रीय शिक्षण सांख्यिकी केंद्र करते. २०२१ च्या शरद सत्रात तेथील पदवी देणाऱ्या संस्थांमध्ये सुमारे १५ लाख अध्यापक होते आणि विद्यार्थी सुमारे १ कोटी ८७ लाख होते.

म्हणजे एकाच वर्षाच्या सुमारास भारतात १६ लाखांच्या जवळ आणि अमेरिकेत १५ लाखांच्या जवळ अध्यापक शिकवीत होते. केवळ एवढेच पाहणारा म्हणेल की, भारत अमेरिकेच्या पुढे आहे. असे विधान भाषणात टाळ्या मिळवील. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने पुढे काही प्रश्न विचारलेच पाहिजेत. मोजले कोणाला? त्या संख्येला कशाने भागले? त्या संख्येच्या आत कोण आहे आणि कोण नाही?

मोजले कोणाला?

'अध्यापक' हा शब्द दोन्ही देशांत एकाच अर्थाने वापरला जात नाही. आपल्या सर्वेक्षणात प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक आणि सहायक प्राध्यापक यांच्याबरोबर प्रयोगनिर्देशक, तात्पुरते अध्यापक आणि अभ्यागत अध्यापक यांचीही नोंद होते. या सर्वांत सर्वांत मोठा गट सहायक प्राध्यापकांचा आहे.

अमेरिकेच्या गणनेत प्राध्यापकांच्या तिन्ही श्रेणींसह अधिव्याख्याते व निदेशक येतात आणि पूर्णवेळ व अर्धवेळ असे दोन्ही प्रकारचे अध्यापक मोजले जातात. तेथील १५ लाखांपैकी सुमारे ५६ टक्के पूर्णवेळ आणि ४४ टक्के अर्धवेळ होते. म्हणजे साडेसहा लाखांहून अधिक अध्यापक अर्धवेळ आहेत. उलट, पदव्युत्तर शिक्षण घेता घेता पदवीच्या वर्गांना शिकवणारे साहाय्यक विद्यार्थी तेथील अध्यापकांच्या संख्येत धरले जात नाहीत. मोठ्या विद्यापीठांत तर प्रथम वर्षाचे पुष्कळसे अध्यापन हेच विद्यार्थी करतात.

तात्पर्य, दोन्ही आकडे खरे असले तरी ते एका मापाने मोजलेले नाहीत. त्यांच्यातील लाखभराच्या फरकावरून कोणी पुढे आणि कोणी मागे ठरवणे योग्य नाही. मात्र पुढे येणारे फरक इतके मोठे आहेत की, मोजणीतील हा भेद धरूनही ते पुसले जात नाहीत.

भागाकार केल्यावर

आता साधा भागाकार करू. भारतातील ४ कोटी ३३ लाख विद्यार्थ्यांना १६ लाखांनी भागले, तर एका अध्यापकामागे सुमारे २७ विद्यार्थी येतात. या विद्यार्थ्यांत दूरशिक्षण घेणारेही आहेत; ते वगळले तर हे प्रमाण २४-२५ पर्यंत खाली येते. अमेरिकेतील १ कोटी ८७ लाख विद्यार्थ्यांना १५ लाखांनी भागले, तर एका अध्यापकामागे बारा-तेरा विद्यार्थी येतात. आपल्या अध्यापकावर तेथल्यापेक्षा दुप्पट विद्यार्थ्यांचा भार आहे, असे स्थूलमानाने म्हणता येईल.

लोकसंख्येच्या मापाने अंतर याहून मोठे दिसते. भारताची लोकसंख्या १४० कोटींच्या घरात आणि अमेरिकेची ३३ कोटींच्या घरात आहे. दर लाख लोकसंख्येमागे भारतात सुमारे ११४ अध्यापक पडतात, तर अमेरिकेत साडेचारशेच्या आसपास. हे अंतर चौपट आहे.

हे दोन भागाकार एकत्र वाचले की खरी गोष्ट लक्षात येते. लोकसंख्येच्या मापाने अंतर चौपट असताना विद्यार्थ्यांच्या मापाने ते दुपटीवरच थांबते. याचे कारण असे की, आपल्याकडील पुष्कळ तरुण महाविद्यालयाच्या दारापर्यंत पोहोचतच नाहीत. २०२१-२२ मध्ये १८ ते २३ वयोगटासाठी आपले स्थूल नोंदणी प्रमाण २८.४ टक्के होते. जो मुलगा बारावीनंतर वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला गेला, तो या भागाकारात येत नाही. तो वर्गात आला असता, तर एका अध्यापकामागील विद्यार्थ्यांची संख्या आणखी वाढली असती. म्हणजे आपले आजचे प्रमाण जितके बरे दिसते, तितके ते दिसण्यातही वगळलेल्यांचा वाटा आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने हे नोंदणी प्रमाण २०३५ पर्यंत ५० टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. उद्दिष्ट स्वागतार्ह आहे. परंतु विद्यार्थी जवळजवळ दुपटीने वाढणार असतील, तर आजचे प्रमाण राखण्यासाठीसुद्धा अध्यापक त्याच गतीने वाढले पाहिजेत. आज जे विद्यार्थी आहेत, त्यांनाच अमेरिकेच्या प्रमाणात अध्यापक द्यायचे ठरवले, तरी १६ लाखांच्या जागी ३४ लाखांहून अधिक अध्यापक लागतील. हा हिशोब चौथीतल्या मुलालाही करता येतो. अंदाजपत्रक करणाऱ्यांना तो येत नाही, असे म्हणता येणार नाही.

लहान महाविद्यालये आणि बिंदुनामावली

आणखी एक भागाकार आहे, ज्याकडे सहसा लक्ष जात नाही. २०२१-२२ च्या सर्वेक्षणात भारतात १,१६८ विद्यापीठे, ४५,४७३ महाविद्यालये आणि १२,००२ स्वतंत्र संस्था नोंदलेल्या आहेत. एकूण ५८ हजारांहून अधिक. अमेरिकेत पदवी देणाऱ्या संस्था सुमारे ३,९०० आहेत. तेथे एका संस्थेत सरासरी पावणेचारशेहून अधिक अध्यापक असतात. आपल्याकडे ही सरासरी तिसाच्या आत आहे. तेथील निम्मे अर्धवेळ अध्यापक बाजूला ठेवले तरी हे अंतर प्रचंड राहते.

तिसाच्या आत म्हणजे काय, हे आपल्या तालुक्याच्या महाविद्यालयात शिकलेल्यांना सांगावे लागणार नाही. इतिहास विभागात एक जण, अर्थशास्त्रात एक, मराठीत दोन. ज्याला एकट्याला तिन्ही वर्षांचे सगळे विषय शिकवायचे, परीक्षांचे काम पाहायचे आणि प्रवेशाच्या दिवसांत गावोगाव फिरून विद्यार्थी आणायचे, त्याने संशोधन केव्हा करावे? अमेरिकेतील मोठ्या विद्यापीठाचा इतिहास विभाग चाळीस-पन्नास जणांचा असू शकतो. तेथे एक जण प्राचीन रोमचा, दुसरा गुलामगिरीच्या इतिहासाचा, तिसरा दक्षिण आशियाचा अभ्यासक असतो. मतभेदालाही माणसे लागतात; एकट्याच्या विभागात चर्चा कोणाशी करणार?

लहान विभागांचा संबंध आरक्षणाशी कसा येतो, हे २०१७ ते २०१९ या काळात देशाने पाहिले. पूर्वी संपूर्ण विद्यापीठ किंवा महाविद्यालय हा एक घटक मानून अध्यापकांची राखीव पदे निश्चित केली जात. २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने विभाग हा घटक धरावा, असा निर्णय दिला आणि मार्च २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यानुसार आदेश काढला. यालाच तेरा बिंदूंची नामावली म्हटले गेले. तिच्यानुसार चौथे पद इतर मागासवर्गाला, सातवे अनुसूचित जातीला आणि चौदावे अनुसूचित जमातीला मिळणार होते.

आता ज्या विभागात मुळात तीनच पदे आहेत, तेथे चौथा बिंदू कधी येणार? सहा पदांच्या विभागात सातवा आणि दहा पदांच्या विभागात चौदावा बिंदू कधी उगवणार? आरक्षण रद्द केल्याचे कोणीही म्हटले नव्हते; केवळ मोजण्याचा घटक बदलला होता आणि तेवढ्याने घटनेने दिलेला हक्क कागदावर राहिला असता. देशभर आंदोलने झाली, ५ मार्च २०१९ रोजी भारत बंद पुकारला गेला, त्यानंतर अध्यादेश आला आणि त्याच वर्षी संसदेने केंद्रीय शैक्षणिक संस्थांतील अध्यापक संवर्गाच्या आरक्षणाचा कायदा करून संस्था हा घटक पुन्हा प्रस्थापित केला. मोजणीची पद्धत हा रुक्ष तांत्रिक विषय आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी हे प्रकरण मुलांना जरूर समजावून सांगावे. आमच्या वर्गात ते समजावताना मी फळ्यावर सहा चौकोन काढले आणि सातवा शोधायला सांगितला. स्पष्टीकरणाची गरज उरली नाही.

संख्येच्या आत कोण आहे?

२०११ च्या जनगणनेनुसार देशाच्या लोकसंख्येत अनुसूचित जाती १६.६ टक्के आणि अनुसूचित जमाती ८.६ टक्के आहेत. २०२१-२२ मध्ये उच्च शिक्षण घेणाऱ्यांत अनुसूचित जातींचे सुमारे ६६ लाख विद्यार्थी होते, म्हणजे १५ टक्क्यांच्या थोडे वर. अनुसूचित जमातींचे सुमारे २७ लाख, म्हणजे सहा टक्क्यांच्या थोडे वर. ही प्रगती लहान नाही. तीन पिढ्यांपूर्वी ज्यांच्या घरात अक्षर नव्हते, त्यांची मुले आज लोकसंख्येतील वाट्याच्या जवळ पोहोचली आहेत.

अध्यापकांत मात्र अनुसूचित जातींचे प्रमाण सुमारे ९ टक्के आणि अनुसूचित जमातींचे सुमारे अडीच टक्के आहे. सर्वोच्च श्रेणीच्या प्राध्यापकपदाकडे जावे तसे ते आणखी घटते. १६ लाखांचे नऊ टक्के म्हणजे सुमारे १ लाख ४४ हजार. विद्यार्थ्यांतील वाट्याइतकाच वाटा अध्यापकांत असता, तर ही संख्या २ लाख ४५ हजारांच्या आसपास असती. सुमारे एक लाख अध्यापकांची तूट, तीही फक्त अनुसूचित जातींपुरती. आदिवासी समाजाची तूट त्यांच्या संख्येच्या मानाने याहून मोठी आहे.

आता अमेरिकेकडे पाहू. तेथे कृष्णवर्णीयांचे लोकसंख्येतील प्रमाण साधारण १३ टक्के असून पदवीच्या विद्यार्थ्यांतही ते त्याच आसपास आहे. पूर्णवेळ अध्यापकांत मात्र ते सुमारे ७ टक्के आहे आणि सर्वोच्च प्राध्यापकपदावर तर सुमारे ४ टक्केच. दोन्ही देशांची ही प्रमाणे शेजारी ठेवली की एक विलक्षण साम्य दिसते. दोन्हीकडे पूर्वी वगळलेल्या समाजाची मुले वर्गात जितकी आहेत, त्याच्या निम्म्याहून थोडाच अधिक वाटा वर्गापुढे उभ्या असलेल्यांत त्या समाजाला मिळाला आहे. एक देश श्रीमंत, दुसरा गरीब. एकात वर्ण, दुसऱ्यात जात. एकाच्या संविधानात आरक्षण नाही, दुसऱ्याच्या आहे. तरीही बाकावरून फळ्यापर्यंतचे अंतर दोन्हीकडे सारखेच लांब ठरले.

या अंतराला इतिहास आहे. विल्यम ई. बी. डुबॉइस यांनी १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली, ती मिळवणारे ते पहिले आफ्रिकी-अमेरिकी होत. पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांना फिलाडेल्फियातील कृष्णवर्णीय वस्तीच्या अभ्यासासाठी नेमले, परंतु अध्यापकाचे नियमित स्थान दिले नाही. त्यांनी १८९९ मध्ये प्रसिद्ध केलेला त्या वस्तीचा अभ्यास समाजशास्त्रात आजही वाचला जातो. ज्या विद्वानाने तो लिहिला, त्याला शिकवण्यासाठी अटलांटा येथील कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात जावे लागले. मोठ्या श्वेतवर्णीय विद्यापीठात कृष्णवर्णीय व्यक्तीला पूर्ण अध्यापकपद मिळण्यासाठी १९४२ साल उजाडावे लागले. त्या वर्षी शिकागो विद्यापीठाने अॅलिसन डेव्हिस यांची नेमणूक केली. त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह अमेरिकेच्या दक्षिणेतील समाजाचा जो अभ्यास १९४१ मध्ये प्रसिद्ध केला होता, त्यात तेथील वर्णभेदाला 'जात' हीच संज्ञा लावली होती, हे आपण लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आपल्याकडे बाबासाहेब १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. विद्वत्तेबद्दल शंका नव्हती, वर्ग त्यांच्या व्याख्यानांनी भारावून जात असे. तरीही अध्यापकांच्या खोलीतील पाण्याच्या भांड्याला त्यांनी स्पर्श करण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. अमेरिकेच्या विद्यापीठाची पदवी वर्गाच्या दारापर्यंत पुरली. पाण्यापर्यंत पुरली नाही. १९४६ च्या जुलैमध्ये बाबासाहेबांनी डुबॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रसंघाकडे पाठवल्या जाणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या अर्जाची विचारणा केली आणि डुबॉइस यांनी त्याच महिन्यात उत्तर दिले. दोन खंडांतील दोन विद्वानांना एकमेकांची ओळख पटली होती; आणि दोघांनीही वर्गापुढे उभे राहण्याची किंमत मोजली होती.

कोणी म्हणेल, शिकवणारा कोणत्या समाजाचा आहे याने काय फरक पडतो? चांगला शिक्षक कोणत्याही समाजाचा असतो, हे खरेच आहे. कोलंबियात बाबासाहेबांना घडवणारे जॉन ड्युई आणि एडविन सेलिग्मन हे आपल्या समाजाचे नव्हते. परंतु उच्च शिक्षणातील अध्यापक केवळ शिकवीत नाही. तो तोंडी परीक्षा घेतो, संशोधनाचा विषय मान्य करतो, मार्गदर्शक म्हणून विद्यार्थी स्वीकारतो किंवा नाकारतो, निवड समितीवर बसतो आणि अभ्यासक्रमात कोणाचा इतिहास यावा हे ठरवतो. दिल्लीच्या एका अग्रगण्य वैद्यकीय संस्थेतील भेदभावाची चौकशी करून प्रा. सुखदेव थोरात यांच्या समितीने २००७ मध्ये अहवाल दिला. त्यात अध्यापकांच्या वागणुकीसंबंधी आणि मूल्यमापनासंबंधी विद्यार्थ्यांनी सांगितलेले अनुभव आहेत. ज्या खोलीत निर्णय होतात तेथे आपल्यापैकी कोणीच नसेल, तर बाहेर बाकावर बसलेल्या मुलाने न्यायाची अपेक्षा केवळ इतरांच्या सद्भावनेवर ठेवायची का?

नेमणूक कशी आहे?

एक लाखाची तूट भरून निघाली, म्हणजे प्रश्न संपला असेही नाही. आपल्याच वसतिगृहातून गेलेला एक विद्यार्थी दोन वर्षांपूर्वी भेटायला आला होता. सेट उत्तीर्ण, पीएच.डी. पूर्ण आणि गेली अनेक वर्षे तासिका तत्त्वावर एका महाविद्यालयात शिकवणारा. जितके तास शिकवले तितक्याचेच मानधन. उन्हाळ्याच्या सुट्टीत तेही नाही. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. तो म्हणाला, "सर, सर्वेक्षणाच्या अर्जात माझे नाव असते, पण महाविद्यालयाच्या कार्यक्रमपत्रिकेत नसते." सोळा लाखांत त्याचाही एक आकडा आहे.

अमेरिकाही या रोगातून सुटलेली नाही. अमेरिकी विद्यापीठ प्राध्यापक संघटनेच्या हिशोबाने १९८७ मध्ये तेथील सुमारे ४७ टक्के अध्यापकांच्या नेमणुका कायमस्वरूपाच्या वाटेवरील नव्हत्या. २०२१ मध्ये हे प्रमाण ६८ टक्क्यांवर गेले. एका महाविद्यालयात सकाळी आणि दुसऱ्यात संध्याकाळी शिकवून पोट भरणारे अर्धवेळ अध्यापक तेथेही आहेत. तेव्हा जो देश आपण नमुना म्हणून डोळ्यांपुढे ठेवतो, त्याच्याकडून सगळेच घेण्यासारखे नाही.

या संघटनेचा उल्लेख आला, तेव्हा एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ती १९१५ मध्ये स्थापन झाली. अध्यापकाने संस्थाचालकांना न रुचणारे मत मांडले, तर त्याला काढून टाकले जाई. १९०० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संस्थापकाच्या पत्नीच्या रोषामुळे एडवर्ड रॉस या अध्यापकाला पद सोडावे लागले, ते प्रकरण गाजले होते. या पार्श्वभूमीवर उभ्या राहिलेल्या संघटनेचे पहिले अध्यक्ष जॉन ड्युई होते आणि अध्यापनस्वातंत्र्याचा जाहीरनामा तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्ष एडविन सेलिग्मन होते. बाबासाहेबांनी कोलंबियातून एम.ए. केले तेही १९१५ मध्येच. ज्या वर्षी त्यांच्या हाती पदवी आली, त्याच वर्षी त्यांचे दोन गुरू अध्यापकाची नोकरी सुरक्षित असल्याखेरीज त्याची वाणी मोकळी होत नाही, हे देशाला सांगत होते. हे तत्त्व आजच्या तासिका अध्यापकाच्या संदर्भात वाचावे. ज्याचा पुढील वर्षाचा अर्ज संस्थाचालकाच्या टेबलावर आहे, तो जातिअंताचा विषय वर्गात किती मोकळेपणाने शिकवू शकेल?

संस्था उभारण्याचा धडा

दोन्ही समाजांनी या कोंडीवर एक सारखा उपाय शोधला. तो म्हणजे स्वतःच्या संस्था. अमेरिकेत यादवी युद्धानंतर फिस्क (१८६६) आणि हॉवर्ड (१८६७) यांसारखी विद्यापीठे उभी राहिली. आज कृष्णवर्णीयांच्या अशा ऐतिहासिक संस्था सुमारे शंभर आहेत. हॉवर्डच्या विधी विद्यालयात चार्ल्स ह्यूस्टन यांनी शिकवलेल्या थर्गुड मार्शल यांनी १९५४ मध्ये शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा खटला जिंकला आणि पुढे ते सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. एका अध्यापकाने एका वर्गात केलेले काम देशाच्या कायद्यापर्यंत पोहोचले.

बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय सुरू केले. मराठवाड्यातील खेड्यांतून अनवाणी आलेली मुले तेथे शिकली आणि त्यांतील कित्येक पुढे स्वतः अध्यापक झाले. डॉ. म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले आणि त्यांनी कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा परिचय आपल्याबरोबर आणला, डॉ. गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' चालवून एका पिढीला लिहिते केले. हे दोघेही मिलिंदमध्ये शिकवीत होते. दलित साहित्याच्या इतिहासातून ही एक अध्यापकांची खोली वजा केली, तर काय उरेल याचा विचार करावा. संख्येने तेथे मूठभरच माणसे होती. पण ती कायम होती, एकत्र होती आणि शिकवायचे काय हे त्यांना ठाऊक होते.

आपली शाळा याच परंपरेचे लहानसे रोप आहे. आपण मुलांना दहावी-बारावीपर्यंत आणतो, निकाल लागतो, सत्कार होतो आणि मग ती पांगतात. कोणी पोलीस होतो, कोणी परिचारिका, कोणी अभियंता. या सर्वांचा अभिमान आहेच. परंतु महाविद्यालयात शिकवण्याच्या वाटेवर किती जण गेले, त्यांतील कायम किती, कंत्राटी किती आणि तासिका तत्त्वावर किती, याची नोंद आज आपल्या कार्यालयात नाही. देशाच्या आकड्यांची चिकित्सा करणाऱ्या मला ही गोष्ट लिहिताना संकोच वाटतो.

म्हणून एक छोटी सूचना करून हा लेख संपवतो. या स्मरणिकेनंतर शाळेत एक नोंदवही सुरू करावी. जे माजी विद्यार्थी कोठेही उच्च शिक्षणात शिकवीत आहेत, त्यांनी आपला विषय, संस्था आणि नेमणुकीचा प्रकार तीत कळवावा. नेट-सेटची तयारी करणाऱ्या आपल्या मुलामुलींना त्यांच्यापैकी प्रत्येकाने वर्षातून एक रविवार द्यावा. पदांची जाहिरात आली, तर बिंदुनामावली तपासून पाहावी आणि काही चुकत असेल, तर माहितीच्या अधिकारात लेखी विचारणा करावी. पालकांनीही मुलगी एम.ए. झाल्यावर 'आता पुरे' असे म्हणण्याआधी एक लाखाची ती तूट आठवावी.

मागच्या बाकावरील त्या मुलाने परवा पुन्हा विचारले, "सर, मग त्या एक लाखात मी बसू शकतो का?" मी त्याला सांगितले की, नोंदवहीचे पहिले पान कोरे ठेवले आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!